लेकीच्या मापाची एटीव्ही : प्रकल्प नोंदी

१७ फेब्रुवारी २०२४, नोव्ही (मिशिगन)

काम असं: लेकीसाठी ऑफ-रोड, म्हणजे रस्ता सोडून मातीत चालवायची, हँडलची चारचाकी एटीव्ही पारखून घ्यायची. लेक गेल्या महिन्यात १२ वर्षांची झाली. उंची १४३ सेंटिमीटर, वजन ३५ किलो. खर्चाची मर्यादा २,५०० डॉलर. हेल्मेट, बूट, परवाना, सुटे भाग, सगळं त्यातच बसवायचं.

बारा पूर्ण होईपर्यंत थांबलो ते कायद्यामुळे. मिशिगनमध्ये १० वर्षांखालच्या मुलांना चारचाकी एटीव्ही चालवायला मनाई आहे, शेतीकामाचा तेवढा अपवाद. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना फक्त आईवडिलांच्या स्वतःच्या जमिनीवर परवानगी. १६ वर्षांखालच्या सगळ्यांनाच ओआरव्ही (ऑफ-रोड वाहन) सेफ्टी सर्टिफिकेट लागतं आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात लागतं. आमची जमीन नाही. नवऱ्याच्या मित्राची हॉवेलजवळ थोडी शेतजमीन आहे, तिथे सराव होईल.

बालरोगतज्ज्ञांची इथली संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स, सांगते की १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये. हे वाचून आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. हॉवेलला दर सुटीत जाणं आहे, तिथे मोठ्यांच्या एटीव्ही उभ्या असतात आणि शेजारची मुलं त्यांवर बसतात. आज ना उद्या लेक त्यांतल्या एकीवर चढणार. मोठ्यांच्या गाडीवर मूल, यासारखा धोका दुसरा नाही. म्हणून तिच्या मापाची, तिच्या वेगाची, आमच्या देखरेखीतली गाडी. तशी मिळाली नाही तर गाडीच नको, हेही तेव्हाच ठरलं.

२५ फेब्रुवारी

कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसी?’ मुलांच्या गाडीला हा प्रश्न आता लागू नाही. पूर्वी ७० आणि ९० सीसी अशा रेषा होत्या, त्यावरून वय ठरायचं. आता विभागणी वेगावर आहे. वाय-६ म्हणजे ६ वर्षांपासून पुढे, जास्तीत जास्त वेग ताशी १५ मैल. वाय-१० आणि वाय-१२, जास्तीत जास्त ३० मैल. दुकानातून बाहेर पडताना लिमिटर लावून हा वेग आणखी खाली आणलेला असायला हवा: वाय-६ ला १० मैल, बाकी दोघींना १५. १४ वर्षांपासून पुढची ‘टी’ म्हणजे संक्रमणाची श्रेणी वेगळी, ती सध्या विषयाबाहेर.

हे सगळं एएनएसआय/एसव्हीआयए-१ या मानकात आहे. आधी ते कंपन्यांनी स्वखुशीने पाळायचं होतं. २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने ते सक्तीचं केलं, आणि प्रत्येक उत्पादकाला किंवा आयातदाराला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडून (सीपीएससी) कृती आराखडा, म्हणजे सुरक्षेसाठी काय काय करणार ते, मंजूर करून घेणं भाग पडलं. नव्या तीनचाकी एटीव्हींची आयात आणि विक्रीही त्याच कायद्याने बंद झाली.

माझ्या कामापुरता अर्थ एवढाच: गाडीवर दोन लेबलं शोधायची. एक वयाचं. दुसरं, ही गाडी मानकाला धरून आहे आणि कुणाच्या कृती आराखड्याखाली येते, ते सांगणारं. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर पुढचं काही तपासायचं नाही.

२ मार्च

यादी. वाय-६ आधीच बाद, लेकीचे गुडघे हँडलला लागतील. उरल्या वाय-१० आणि वाय-१२.

डीलरकडच्या नव्या: पोलारिस आउटलॉ ११०, यामाहा रॅप्टर ११०, होंडा टीआरएक्स९०एक्स, कावासाकी केएफएक्स९०, सीएफमोटो सीफोर्स ११०. यांतल्या बहुतेक ३,००० ते ४,००० डॉलरच्या घरात किंवा तिच्या उंबरठ्यावर, म्हणजे नव्या घेतल्या तर हेल्मेटलाही पैसे उरत नाहीत. दुसरा रस्ता, खोक्यातून घरी येणाऱ्या ११० सीसी आयात गाड्या, १,००० ते १,५०० डॉलर. तिसरा, चांगल्या कंपनीची वापरलेली.

खोक्यातल्या गाडीबद्दल पूर्वग्रह ठेवायचा नाही. नवऱ्याच्या मित्राने त्याच्या थोरल्यासाठी अशीच एक मागवली आहे आणि खोकं अजून फोडलेलं नाही. जोडणी मी करून देते असं सांगितलं.

९ मार्च

डीलरकडे दोन तास. विकत काही घ्यायचं नाही, फक्त माप घ्यायचं, हे आधीच सांगितलं आणि त्या भल्या माणसाने सगळ्या गाड्यांवर बसू दिलं.

एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटची मापं बरोबर नेली होती. ती अशी. फूटरेस्टवर उभं राहिल्यावर सीट आणि जांघ यांत ३ ते ६ इंच जागा हवी. यापेक्षा कमी असेल तर खड्ड्यात गाडी उसळली की सीट खालून आदळते, पाय स्प्रिंगसारखे वापरता येत नाहीत. बसल्यावर मांडी साधारण आडवी हवी. टाच फूटरेस्टवर ठेवून उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबता यायला हवा. मुठीवर हात ठेवून बोटं सरळ केली की मधल्या बोटाचं टोकाकडचं पेर ब्रेकच्या लिव्हरपलीकडे जायला हवं. आणि हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवलं तरी अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्यावर, पोचायला हवा, कोपर ताठ होता कामा नये.

शेवटची दोन मापं मला सगळ्यांत मोलाची वाटतात, कारण ती कुणी बघत नाही. लोक पाय टेकतात का ते बघतात. एटीव्हीवर पाय टेकायचाच नसतो. तो खाली सोडला तर मागचं चाक पायावरून जातं.

लेक आउटलॉवर आणि टीआरएक्स९०एक्सवर नीट बसली. एका गाडीवर लिव्हरपर्यंत बोट पोचलं, पण ती ओढायला मनगट वाकवावं लागत होतं, म्हणून बाद. शेजारी २५० सीसीची एक उभी होती. त्यावर ती उभी राहिली तर जागा जेमतेम एक इंच.

नवरा म्हणाला, “दोन वर्षांत उंच होईलच की.” आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, बाह्या दुमडून वर्ष काढतात, आणि त्यात शहाणपण आहे. गाडीत ते चालत नाही. मधल्या दोन वर्षांत रोज ती गाडी तिला सावरायची आहे. दीडशे किलोच्या पुढची गाडी ३५ किलोच्या मुलीच्या हलण्याला दादच देत नाही. नवऱ्याला पटलं. यादीतून मोठ्या गाड्या कायमच्या गेल्या.

२३ मार्च, हॉवेल

खोकं फोडलं. मी गाड्यांच्या चाचणी विभागात नोकरी करते, त्यामुळे तपासणीचा तक्ता घरूनच करून नेला होता. “वहिनी, फॅक्टरीतून जोडून आलीय, चाकं आणि हँडल लावलं की झालं,” मित्र म्हणाला. आम्ही तरी प्रत्येक नटाला पाना लावायचं ठरवलं.

आधी चांगलं लिहिते. इंजिन ओळखीचं निघालं. आडवं, एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, होंडाच्या जुन्या घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२.४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५. नावाला ११०, प्रत्यक्षात १०७ सीसीच्या आत. भारतातल्या स्प्लेंडरचं ९७.२ सीसी इंजिन याच घराण्यातलं, बोअर ५० आणि स्ट्रोक तोच ४९.५. बाबांची स्प्लेंडर साताऱ्यात किती वर्षं चालली ते मी पाहिलं आहे, तेव्हा या इंजिनाच्या मूळ रचनेबद्दल मला शंका नाही. वेल्डिंगही बघितलं. फ्रेमवर तडा किंवा पोकळ जागा दिसली नाही.

आता बाकीचं. पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे लॉकनट हाताने फिरत होते. मागच्या एक्सलच्या एका नटाला कॉटर पिन, जी नट सुटू देत नाही, ती नव्हती. टायर प्रवासासाठी दगडासारखे भरलेले, तर या टायरना ३-४ पीएसआय पुरतं. मोटारीचा हवेचा गेज इतक्या खाली नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा घ्यावा लागतो. पुढची चाकं बाहेर फाकलेली होती, दोरी लावून सरळ केली. चेन इतकी ताणलेली की सस्पेन्शन दाबलं की कडक व्हायची. आतलं तेल सुरू करण्याआधीच ओतून टाकलं आणि नवं घातलं.

सगळ्यांत गंभीर गोष्ट इंजिन सुरू झाल्यावर कळली. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की अंगठा न लावता इंजिनाचे फेरे चढायचे. थ्रॉटलची केबल टाकीच्या कडेखालून आवळून नेली होती, वळताना ती ताणली जायची. म्हणजे मूल वळणावर असताना, नेमकं वेग कमी करायच्या क्षणी, गाडी आपोआप पुढे धावणार. केबल बाहेरून फिरवून नेली, थोडी ढील दिली, दोन्ही टोकांपर्यंत हँडल पुन्हा पुन्हा वळवून पाहिलं. आता फेरे स्थिर.

जाहिरातीत ‘५ ते १२ वर्षे’ लिहिलं होतं. गाडीवरच्या लेबलावर मात्र १० वर्षांखालच्यांना मनाई. मित्राचा थोरला ११ वर्षांचा आणि जमीन त्यांचीच, म्हणून तिथे ती चालेल. धाकटा ७ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी नाही, हे त्याच्या आईने लगेच ठरवलं.

निष्कर्ष: ही गाडी वाईट नाही, अर्धवट जोडलेली आहे. घरात पाने चालवणारं कुणी असेल, दिवसभराचा वेळ असेल, तर हिच्यातून कामाची गाडी निघते. नसेल तर ती मुलाच्या हाती द्यायच्या अवस्थेत नसते. हा फरक जाहिरातीतल्या किमतीत दिसत नाही.

३० मार्च, हॉवेल

तीच गाडी, कोरडी सपाट जमीन, फोनवर जीपीएस. चालवायला मित्राच्या घरची सडपातळ कॉलेजकन्या.

थ्रॉटलच्या डबीवर लिमिटरचा स्क्रू असतो. तो आत घातला की अंगठा पूर्ण दाबला तरी केबल तेवढीच ओढली जाते. पूर्ण आत घालून गाडी ताशी १२ मैलांपर्यंत गेली. हे समाधानकारक. रिमोटने इंजिन बंद पाडायची सोयही चालली, पण झाडांच्या रांगेमागून दोनदा नाही चालली. मनगटाला बांधायची दोरी, जी निघाली की इंजिन बंद, तिच्यावर माझा भरवसा जास्त. तिला सिग्नल लागत नाही.

ब्रेक मात्र मनासारखे नाहीत. मागचा डिस्क ठीक, पुढचे ड्रम कितीही जुळवले तरी डावं चाक आधी धरतं आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक शू घासून बसल्यावर सुधारेल, पुन्हा बघायचं.

दुपारी लेकीला बंद गाडीवर बसवून वळण समजावलं. मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर, मध्ये डिफरन्शिअल नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही सारखीच फिरणार म्हटल्यावर एकाला घसरावंच लागतं. मातीत ते सहज घसरतं. डांबरावर घसरत नाही, मग गाडी सरळच जाऊ बघते किंवा पलटी खाते. म्हणून एटीव्ही डांबरी रस्त्यावर नाही, आणि वळताना अंग पुढे आणि आतल्या बाजूला. तिने विचारलं, “म्हणजे मी बॅलन्सचं वजन आहे?” हो, अगदी तेच.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी साताऱ्याहून आईचा फोन. “पाडव्याला गाडी घरात येऊ दे गं, मुहूर्त आहे.” मनासारखी गाडी अजून मिळाली नव्हती आणि मुहूर्तासाठी घाई करायची नव्हती. म्हणून आज हेल्मेट घेतलं. मोटोक्रॉसचं, डॉटच्या (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) मानकाचं, मुलांच्या मापाचं. सायकलचं हेल्मेट इथे उपयोगाचं नाही. गुढीखाली ठेवून हळदकुंकू लावलं, आईला व्हिडिओवर दाखवलं. तिला आवडलं.

२० एप्रिल

वापरलेल्या गाड्या बघायला दिवसभर फिरलो. पहिलीला टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नव्हतं. मिशिगनमध्ये ओआरव्हीला टायटल लागतं, विक्रेता म्हणाला हरवलं, आम्ही निघालो. दुसरीच्या एक्झॉस्टमधून वेग रोखणारी चकती काढून टाकलेली. ‘मुलाला हळू वाटायची म्हणून.’ आणखी काय काय काढलं असेल ते कळायला मार्ग नाही.

तिसरी होंडा टीआरएक्स९०एक्स, एका शेतकरी कुटुंबाकडची, दोन मुलींनी वापरून लहान झालेली. टायटल, मॅन्युअल, किल्ल्या, वयाचं लेबल, सगळं जागेवर. फ्रेम क्रमांक टायटलशी ताडला. पुढचं चाक वर उचलून वर-खाली हलवलं, बॉल जॉइंटला खेळ नाही. मागचा एक्सल हाताने रेटला, बेअरिंग ठीक. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगितलं होतं, ते त्यांनी पाळलं. चोक ओढून पहिल्या झटक्यात लागलं, धूर नाही. पुढचे ब्रेक शू संपत आलेले आणि चेन ताणून लांबलेली. दोन्ही भाग स्वस्त आणि कुठेही मिळणारे.

हिच्यात गिअर आहेत, चार, डाव्या पायाने बदलायचे, पण क्लच आपोआप. सुरुवातीला मला हे अडचणीचं वाटलं होतं, सीव्हीटी, म्हणजे गिअर बदलावेच न लागणारी, सोपी. लेकीने अंगणात चालवून पाहिल्यावर मत बदललं. पहिल्या गिअरमध्ये ठेवलं की अंगठा कितीही दाबला तरी वेग मर्यादेत. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं. आणि कोणत्या गिअरमध्ये जायचं हा निर्णय तिला स्वतः विचार करून घ्यावा लागतो.

उभं राहून जागा साडेतीन इंच, म्हणजे बसली. वजन साधारण १२० किलो. १,६५० डॉलरला ठरली.

४ मे, हॉवेल

सर्व्हिस. पुढचे शू, चेन, तेल, प्लग, एअर फिल्टरचा फोम धुऊन तेल लावून परत. मागचा ड्रम सीलबंद असल्यामुळे आत चिखल अजिबात नव्हता, हे बघून फार बरं वाटलं. लिमिटर पूर्ण आत. चारही टायरांचा दाब मॅन्युअलप्रमाणे.

मित्राच्या गाडीचा ब्रेक अजून थोडा डावीकडे ओढतो. ड्रमचं कव्हरच किंचित वाकडं आहे असं दिसलं. नवं कव्हर मागवायला विक्रेत्याकडे भाग क्रमांकच नाही. शेवटी मापं घेऊन दुसऱ्या एका गाडीचं बसेल असं शोधून काढलं. खोक्यातल्या आणि वापरलेल्या गाडीतली निवड मला याच ठिकाणी पक्की वाटली.

१९ मे

लेकीने ऑनलाइन अभ्यास करून ओआरव्ही सर्टिफिकेटची परीक्षा दिली, पास झाली. काल एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा मैदानावरचा रायडरकोर्सही केला. मी कुंपणाबाहेरून बघत होते. प्रशिक्षिकेने तिला एक गोष्ट शिकवली जी मी घरी सांगून जमली नव्हती: नजर जिथे जायचं तिथे, चाकासमोर नाही. दुपारपर्यंत तिचं वळण सफाईदार झालं, खांदे सैल झाले.

९ जून

होली ओक्स ओआरव्ही पार्क. आमच्या काउंटीतलंच, २०२० साली उघडलेलं, वाळू-खडीच्या जुन्या खाणींच्या जागेवर. ओआरव्ही परवाना आणि ट्रेल परमिट मिळून ३६.२५ डॉलर. उंच झेंडी लावली, कारण चढाच्या पलीकडून येणाऱ्याला मुलांची ठेंगणी गाडी दिसत नाही.

सोपे, रुंद मार्ग निवडले. ती पुढे, नवरा मागे भाड्याच्या गाडीवर, कायम दिसेल इतक्या अंतरावर. दुसऱ्या गिअरपुढे गेली नाही. खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं सरकलं, तिने ब्रेक न आवळता थ्रॉटल सोडला आणि गाडी आपसूक सावरली. हे शिकवलेलं होतं, पण हाताने वेळेवर केलं ते तिने.

बरोबर दिराचं कुटुंब होतं. पुतण्या ८ वर्षांचा. “काकू, मला ताईच्या मागे एक चक्कर!” दीरही म्हणाले, हळूहळू जाईल की. आम्ही सगळे स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहून, डबलसीट-ट्रिपलसीट जाऊन मोठे झालो, त्यामुळे हे मागणं किती साधं वाटतं ते मला कळतं. पण ही गाडी एकाच माणसाची आहे. मागे कुणी बसलं की वजन मागच्या चाकांपलीकडे जातं, पुढची चाकं चढावर उचलतात, आणि चालवणाऱ्याला अंग हलवायला जागाच राहत नाही. पुतण्याला बंद गाडीवर बसवून हेल्मेट, गॉगल घातला, किल-स्विचची दोरी त्याच्या मनगटाला बांधली, ती कशासाठी ते समजावलं. तो खूश. दीर गाडीपर्यंत येऊन, खाली वाकून एक्सल बघून गेले.

३० जून

हिशेब. गाडी १,६५०, त्यावर ६ टक्के कर ९९. हेल्मेट १३०, गॉगल ३५, हातमोजे २०, घोट्यावर येणारे बूट ११५, छातीपाठीचं कवच ८०. सुटे भाग, तेल आणि कमी दाबाचा गेज मिळून १४०. परवाना ३६.२५. बेरीज २,३०५ डॉलर आणि काही सेंट, वर टायटलची किरकोळ फी. ट्रेलर मित्राचा.

उरलेले पैसे मागच्या टायरांसाठी राखून ठेवले, नक्षी अर्धी झिजली आहे.

लिमिटरचा स्क्रू आज एक फेरा सैल केला, लेकीने मागितला म्हणून नाही, तर हॉवेलच्या मैदानात ठरवलेल्या खुणेच्या आत तिने प्रत्येक वेळी गाडी थांबवून दाखवली म्हणून. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं; ते तिने स्वतः पावलांनी मोजून वहीत लिहिलं आहे. पुढचा फेरा शाळा सुरू झाल्यावर, तेव्हा पुन्हा हीच चाचणी.

सीटवरची जागा पुन्हा मोजली, चार इंच. सहाच्या पुढे गेली की गाडी विकायला काढायची. टायटल, मॅन्युअल आणि बदललेल्या भागांच्या पावत्या त्यासाठी एका फाइलमध्ये लावल्या.